अमूर्त चित्रात ‘मी’ ऐवजी ‘आपण’ कसं रंगवायचं? कडा, थर आणि सामाईक अस्तर (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

काठावरचा

‘माणसं एकमेकांशी जोडलेली आहेत’ असा विषय आला की हात आपोआप ठरलेल्या गोष्टींकडे वळतो. गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, गुंफलेले हात, रंगीत ठिपक्यांची गर्दी. गोल-रेघेतली गोची अशी, की गोल आधी पुरा होतो आणि रेघ मागाहून येते. रेघ पुसली तर गोलाचं काही बिघडत नाही. म्हणजे चित्र म्हणतंय की माणूस आधी एकटाच पुरा आहे आणि नातं ही वरून लावलेली तार. आपल्याला तर नेमकं उलट म्हणायचंय.

तेव्हा या धाग्यावर एवढंच बघू: रंग, कड आणि थर यांच्या वागण्यातून हे कसं आणायचं. तत्त्वचर्चेला वेगळा धागा काढता येईल. इथे प्रमाण, क्रम, आणि काय बिघडतं नि का.

बोलायला सोयीचं जावं म्हणून मोजमाप ठरवून घेऊ. ९० × ९० सेंमी सुती कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग, पाच ते सात आकार. चौरस अशासाठी की आडव्या कॅनव्हासवर लगेच क्षितिज दिसायला लागतं आणि उभ्यावर एकटा उभा माणूस. दोन्ही आपल्याला नकोत.

तिसरी छटा

धागा आवडला. पण रेघेला इतकं झोडपू नका :)

आकार जवळ असले, सारखे असले, एका ओघात असले की डोळा त्यांचा गट करतो, हे मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्थहायमर यांनी १९२३ साली मांडलं. पुढे १९९४ मध्ये स्टीफन पामर आणि अर्विन रॉक यांनी दाखवलं की प्रत्यक्ष जोडलेल्या गोष्टी डोळा एकच वस्तू म्हणून घेतो, आणि ही ओढ जवळिकीवर किंवा सारखेपणावरही मात करू शकते. दोन ठिपके रेघेने जोडा, ते लांब असले तरी जोडी दिसते. तेव्हा रेघ जोडते, यात शंका नाही.

अडतं ते मोजण्यात. जोडी दिसली तरी बघणारा ‘दोन’ असंच मोजतो, कारण रेघेची जाडी आणि ठिपक्याची जाडी वेगळी राहते. रेघ रुंद करत गेलात, ठिपक्याच्या रंगातच ठेवलीत आणि सांध्याला गोलाई दिलीत, तर एका टप्प्यावर मोजणी कोलमडते. दोन म्हणावं की एक, ते ठरत नाही. आपल्याला हवा तो हाच टप्पा. ढोबळ अंदाज म्हणजे पुलाची (त्या जोडरेघेची) रुंदी आकाराच्या साधारण एक तृतीयांशाच्या पुढे गेली की मोजणी डळमळायला लागते. निम्म्याच्या पुढे गेली की सरळ एकच गोळा दिसतो, आणि तेही फसलंच. कागद कापून पाच मिनिटांत पाहता येईल, कॅनव्हासवर प्रयोग नको.

काठावरचा

मान्य. ‘मोजणी कोलमडते’ हे बरोबर पकडलंत.

झाकून बघा

तपासायची एक साधी रीत देतो. चित्र सुकलं की मधल्या राखाडी रंगाचा कागद आकारागणिक कापायचा आणि एकेक आकार झाकत जायचा. अडीच-तीन मीटर मागे जाऊन बघायचं.

आकार झाकल्यावर बाकीचं चित्र नुसतं ‘थोडं रिकामं’ वाटलं, तर तो आकार तिथे पाहुणा होता. शेजारचा रंग बदलल्यासारखा वाटला, किंवा शेजारी अर्धवट, तुटका दिसायला लागला, तर जोड खरी आहे.

रंग बदलल्यासारखा का वाटतो? मिशेल शेवरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर धाग्याचा रंग ठीक निघाला. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. त्यावरून त्यांनी रंगांच्या एककालिक विरोधाचा नियम १८३९ साली ग्रंथरूपात मांडला. रंग काय दिसणार हे त्याच्या शेजाऱ्यावर ठरतं. या विषयासाठी याहून चांगला आधार मला माहीत नाही, आणि तो रूपक नाही, डोळ्याचं काम आहे.

कामाला लावायचं तर असं. एकच राखाडी, एकाच वाटीतला, तीन ठिकाणी लावा: एकदा गडद निळ्यात, एकदा नारिंगीत, एकदा फिकट पिवळ्यात. तीन वेगळे राखाडी दिसतील. मात्र राखाडीचा तुकडा शेजाऱ्यापेक्षा बराच लहान हवा आणि उजळपणात त्याच्या जवळचा हवा. मोठा तुकडा स्वतःच्या रंगावर अडून बसतो.

निळसर

सहमत. झाकून बघायची रीत आजच करून बघणार.

एक शंका: आच्छादन. दोन पारदर्शक आकार एकमेकांवर आले की मधे तिसरा रंग मिळतो हे पुस्तकी ज्ञान आहे, पण प्रत्यक्षात मधे मळकट तपकिरी येतो किंवा वरचा रंग खालच्याला सरळ झाकून टाकतो. का?

ओला हात

बहुतेक वेळा तीन कारणं असतात: रंगद्रव्य चुकीचं, माध्यम (रंग पातळ करायला त्यात मिसळायचा बिनरंगी द्रव) कमी, घाई जास्त.

रंगद्रव्य. ट्यूबवर एक छोटा चौकोन असतो. रिकामा असेल तर रंग पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर अर्धपारदर्शक, पूर्ण भरलेला असेल तर अपारदर्शक. नावावर जाऊ नका, रंगद्रव्याचा कोड वाचा. ‘लेमन यलो’ नावाखाली काहीही असू शकतं. आच्छादनासाठी हे तीन पुरतात: पीवाय १५० म्हणजे निकेल ॲझो पिवळा, पीव्ही १९ म्हणजे क्विनॅक्रिडोन गुलाबी, पीबी १५:३ म्हणजे थॅलो निळा. कॅडमियमचे रंग, यलो ऑकर आणि टायटॅनियम पांढरा या कामात नकोत. ते झाकतात. आणि दोन-दोन रंगद्रव्यं मिसळलेली ट्यूबही टाळा. अशा दोन ट्यूब एकमेकींवर आल्या की चार रंगद्रव्यं झाली, मग चिखल ठरलेला.

माध्यम. पाण्याने पातळ केलेला रंग आणि माध्यमाने पातळ केलेला रंग यांत फरक आहे. पाण्याने रंगातला बंध विरळ होतो. न शोषणाऱ्या पृष्ठभागावर असा थर पुढच्या ओल्या ब्रशने उचलला जातो. म्हणून ग्लेझिंग माध्यम (ग्लेझ म्हणजे पातळ पारदर्शक थर) किंवा ग्लॉस, म्हणजे चकचकीत, माध्यम वापरा. पिवळ्या-गुलाबीला १ भाग रंग, ८ ते १० भाग माध्यम. थॅलो निळा अतिशय जोरकस. त्याला १ भागाला २० भाग माध्यमापासून सुरुवात करा. ३० × ४० सेंमीच्या एका आकारावर एका पातळ थराला साधारण १२ ते १५ मिली मिश्रण लागतं. एकदम ५० मिली करून झाकणाच्या डबीत ठेवा. दुसऱ्यांदा केलेलं मिश्रण पहिल्यासारखं कधीच जमत नाही आणि तो फरक थरात दिसतो.

मॅट माध्यमात चमक घालवणारी बारीक पूड असते. एक-दोन थरांत कळत नाही, पाच-सहा थरांनंतर दुधाळ पडदा दिसतो. म्हणून थर सगळे ग्लॉसमध्ये द्या आणि मॅटपणा शेवटी वार्निशने आणा.

क्रम.
१. जेसोचे (रंगाआधी कॅनव्हासला द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) दोन हात, मधे २२० नंबरचा पॉलिश पेपर.
२. त्यावर ग्लॉस माध्यमाचा एक हात. हा चुकवू नका. कोरडा जेसो ग्लेझ लगेच पितो, ब्रशचा प्रत्येक फटका जिथल्या तिथे बसतो आणि पट्टे पडतात.
३. पहिला आकार पिवळा, मऊ फ्लॅट ब्रशने, अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपून बाजूला व्हा. पुन्हा ब्रश फिरवलात तर अर्धवट सुकलेला पापुद्रा फाटतो.
४. थांबा. बोटाला कोरडं वाटलं तरी उलटा हात टेकवा. थंड लागलं तर आत अजून पाणी आहे.
५. दुसरा आकार निळा, पहिल्यावर साधारण एक तृतीयांश चढवून.

ओलं ॲक्रिलिक दुधाळ आणि फिकट दिसतं, सुकल्यावर गडद होतं. त्यामुळे ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका. शेजारी त्याच अस्तराची एक पट्टी ठेवा, प्रत्येक थर आधी तिच्यावर.

चिखलाबद्दल: एका जागी तीनपेक्षा जास्त रंग येऊ देऊ नका. तीन जिथे एकत्र येतील ती चित्रातली सर्वांत गडद जागा होणार, तेव्हा ती आधीच कागदावर ठरवा. नाहीतर ती नको तिथे, बहुतेक वेळा बरोबर मधोमध, काळ्या डागासारखी बसते.

निळसर

धन्यवाद! थॅलोचं प्रमाण हाच घोळ होता बहुतेक.

सुकती कड

आच्छादनाच्या कडेला गडद रेघ येते तिचं काय? आकार आत फिका आणि काठाला दाट. दोन आकार ‘भेटतात’ तिथे कुंपण घातल्यासारखं दिसतं.

ओला हात

थेंब सुकताना काठावर पाणी लवकर उडतं, त्याची भरपाई करायला आतलं पाणी काठाकडे वाहतं आणि रंगाचे कण सोबत नेतं. म्हणून कडेला कडं. पाणी जास्त, माध्यम कमी असेल तर हे ठळक होतं.

नको असेल तर तीन उपाय. माध्यम वाढवा. काठ ओला असतानाच जवळजवळ कोरड्या मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने एकदाच ओढा. किंवा सुरुवातीलाच शेजारची दोन-तीन सेंमी जागा नुसत्या माध्यमाने ओली ठेवा, म्हणजे रंगाला काठच सापडत नाही. स्प्रे बाटलीचा फवारा हाही उपाय सांगतात, पण थेंब मोठे पडले तर ठिपके उठतात. ४० सेंमीवरून, हवेत फवारा मारून तुषार खाली बसू द्यावेत.

पण ही कड मुद्दाम ठेवण्यातही मजा आहे. दोन ओले आकार शेजारी, मधे ३ मिमी कोरडी फट. कॅनव्हास किंचित तिरपा करून एकाच ठिकाणी फट मोडू द्या. पाणी तिथून पलीकडे शिरतं, सोबत रंग नेतं आणि बाकी सगळीकडे कडं तसंच राहतं. हद्द आहे आणि एका जागी ती ओलांडलीय, हे न सांगता दिसतं. कॅनव्हास ताठ हवा. मधे झोळ असेल तर सगळं पाणी तिथेच साचतं. ९० सेंमीच्या चौकटीला मागून एक आडवी पट्टी असलेली बरी.

झाकून बघा

एक धोका सांगायला हवा. ‘जोडलेपण’ म्हटलं की सगळं एकमेकांत विरघळवायची हौस येते. स्पंजने कडा पुसल्या, सगळीकडे मऊ धुकं. मग जोडायला उरलंच काय? वेगळेपण नसेल तर नातंही नाही. आणि धुक्याच्या चित्राला बघणाऱ्याची नजर कुठे थांबतच नाही, दोन सेकंदांत पुढे जाते.

काठावरचा

इथेच धाग्याचा गाभा आहे असं वाटतं. माझा हिशोब असा: प्रत्येक आकाराला तीन प्रकारच्या कडा द्यायच्या. एक पक्की, एक हरवलेली, एक उसनी.

पक्की कड म्हणजे सरळ कापलेली. हरवलेली कड दोन्ही बाजूंचा उजळपणा सारखा केला की मिळते. रंग वेगळा चालतो, गडद-फिकेपण सारखं हवं. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात कड नाहीशी झाली तर जमलं. कॅमेऱ्याचं रूपांतर लालसर रंगांत दगा देतं, तेव्हा डोळे बारीक करूनही बघा.

उसनी कड जास्त महत्त्वाची. अ हा आकार त्याच्या हद्दीच्या दोन-तीन सेंमी बाहेरपर्यंत बेफिकीर रंगवायचा. सुकू द्यायचा. मग शेजारच्या ब चा रंग, पांढरा मिसळून अपारदर्शक केलेला, १२ मिमीच्या फ्लॅट ब्रशने अ वर चढवत आणायचा आणि हद्द पडेल तिथे थांबायचं. म्हणजे अ ची बाह्यरेषा ब ने काढली. अ स्वतःच्या आकाराला स्वतः जबाबदारच नाही. पुढे ब ची एक बाजू क कापेल, आणि क ची दुसरी बाजू पुन्हा अ च्या रंगाने कापायची. फेरा पुरा झाला की कोण पुढे, कोण मागे हे ठरत नाही.

फेरा अर्धा सोडला तर मात्र शेवटचा आकार सगळ्यांच्या वर बसतो आणि चित्राला नायक मिळतो. ‘व्यक्तीपलीकडे’ जायला निघालेल्या चित्रांत हा घोटाळा फार दिसतो.

तिसरी छटा

उसनी कड! शब्द उचलतो आहे.

त्यात भर: थांबताना खालच्या अस्तराची १-२ मिमी चिरी अधूनमधून उघडी ठेवा. त्यासाठी आकारांच्या आधी पूर्ण कॅनव्हासला एकच मधला रंग हवा, समजा बर्न्ट सिएना या तपकिरीत किंचित अल्ट्रामरीन निळा. हाच रंग सगळ्या फटींतून, सगळ्या आकारांखालून डोकावतो. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण सगळे आकार एकाच जमिनीवर उभे आहेत हे जाणवतं. फट सलग ठेवली तर रंगीत काचेच्या खिडकीतल्या शिशाच्या पट्ट्या दिसतात. तुटक हवी.

निळसर

या वाटेने आधी कोणी गेलंय का? म्हणजे बघायला कुठली चित्रं शोधावीत?

तिसरी छटा

स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंटपासून सुरू करा. १८९६ पासून त्या आणि आणखी चार स्त्रिया ‘द फाइव्ह’ या गटात एकत्र बसून स्वयंस्फूर्त रेखाटनं करत. रेघ कोणाची हा प्रश्न तिथेच मागे पडला होता. त्यांची १९०७ ची दहा महाचित्रं तीन मीटरहून उंच आहेत, कागदावर टेंपेरा रंगांत केलेली. वळसे, पाकळ्या, अक्षरं एकमेकांतून निघतात. एक वळसा वेगळा काढून दाखवणं अवघड.

कोरियन चित्रकार ली उफान यांच्या १९७० च्या दशकातल्या रेषा तंत्रासाठी बघा. ब्रश एकदाच भरायचा आणि रंग संपेपर्यंत रेघ ओढायची. सामूहिक कामात याचा उपयोग आहे: एकाने भरलेली रेघ अर्ध्यावर दुसऱ्याच्या हातात.

चित्रकार वासुदेव गायतोंडे तर हवेतच. ते आपल्या कामाला अमूर्त न म्हणता ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावणं आणि तितकाच काढणं. खालचा थर वरच्यातून कसा बोलतो यासाठी बघा. ‘नातं’ हा विषय त्यांच्यावर लादू नका.

आणि ऑस्ट्रेलियातला न्गुरारा कॅनव्हास, १९९७ चा, सुमारे ८ × १० मीटर. ग्रेट सँडी वाळवंटातल्या चाळीसेक चित्रकारांनी मिळून केलेला. प्रत्येकाने आपापल्या भूमीचा भाग रंगवला आणि सगळं मिळून एकच चित्र. याहून मोठं सामूहिक अमूर्त...

काठावरचा

थांबा, ते अमूर्त नाही. आपल्याला तसं दिसतं. ते जमिनीवरच्या हक्काचा पुरावा म्हणून काढलं होतं. त्यात पाणवठे, वाटा, कोणाची जबाबदारी कुठे हे सगळं आहे. २००७ मध्ये त्या लोकांचा हक्क मान्यही झाला. त्यातली चिन्हं त्या समाजाच्या मालकीची आहेत, कोणत्या कुटुंबाने कोणतं रंगवायचं हे ठरलेलं असतं. ठिपके-वर्तुळं उचलून आपल्या चित्रात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नक्षी म्हणून सही करण्यासारखं.

घेण्यासारखं आहे ते कामाचं गणित: प्रत्येकाचा भाग त्याच्या जबाबदारीचा, पण शेजारच्या भागाशिवाय अर्थहीन.

तिसरी छटा

बरोबर. चुकलं माझं. ‘अमूर्त’ शब्द मागे घेतो.

सुकती कड

अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको राहिले की.

झाकून बघा

रॉथको या धाग्यावर सावधगिरीचं उदाहरण म्हणून जास्त उपयोगी. हार्वर्डसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या भित्तिचित्रांत त्यांनी लिथॉल रेड हा लाल रंग वापरला. उन्हाच्या खोलीत तो उडाला, किरमिजीचं निळसर झालं आणि १९७९ पर्यंत चित्रं तिथून काढावी लागली. रंगांचं एकमेकांशी नातं हाच विषय असेल तर एक रंगद्रव्य उडालं की फक्त तो आकार जात नाही, सगळ्या शेजाऱ्यांचा रंग बदलतो. वर शेवरलचा मुद्दा आलाच आहे. ट्यूबवर उजेडात टिकण्याची श्रेणी असते. १ किंवा २ असलेलेच घ्या. झगझगीत फ्लोरोसंट रंग विसरा.

निळसर

सामूहिक चित्राचा वर दोनदा उल्लेख आला. चार-पाच जणांनी एका कॅनव्हासवर काम करायचं तर? बहुतेक वेळा चार कोपऱ्यांत चार चित्रं होतात.

ओला हात

होतातच, कारण माणूस स्वतःसमोरची जागा स्वतःची मानतो. ते मोडायला मांडणीच तशी करावी लागते. चार जणांसाठी असं:

कॅनव्हास १५० × १५० सेंमी, टेबलावर आडवा, उंची ७५ सेंमी. म्हणजे प्रत्येक बाजूने हात मध्यापर्यंत पोचतो. याहून मोठा घेतला तर मध्य कोणाचाच राहत नाही आणि रिकामा पडतो. जमिनीवर ठेवू नका, गुडघे टेकले की माणूस जागा सोडत नाही.

रंग आधीच मिसळून चार मोठ्या डब्यांत. स्वतःचं पॅलेट कोणालाच नाही. प्रत्येकाला स्वतंत्र पॅलेट दिलं की पंधरा मिनिटांत चार रंगांचे सोळा होतात. डबे टेबलाच्या मधल्या बाजूंना, कोपऱ्यांत नाहीत.

फेऱ्या २० मिनिटांच्या. प्रत्येक फेरीनंतर माणसं तिथेच, कॅनव्हास ९० अंशांत फिरवायचा. नियम दोनच. सुरू केलेला आकार स्वतः पुरा करायचा नाही. आणि दुसऱ्याचा आकार पूर्ण झाकायचा नाही. किमान एक तृतीयांश उघडा राहिला पाहिजे.

पहिल्या चार फेऱ्या पातळ, पारदर्शक थर. मग किमान दोन तास सुट्टी, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुढचं. त्यानंतरच्या चार फेऱ्या अपारदर्शक, उसन्या कडांच्या. ही सुट्टी टाळली की मध्यभागी चिखल होतो, कारण चारही हात तिथे पोचतात आणि तो भाग कधी सुकतच नाही. मध्याला पहिल्या दोन फेऱ्यांत हात न लावणं हा सोपा बंदोबस्त आहे.

सगळ्यात जास्त बिघडवणारी गोष्ट म्हणजे एकाचा ठसठशीत हात. एखाद्याचा फटका मोठा, वेगवान असतो आणि बाकीचे नकळत त्याच्याभोवती सजावट करत बसतात. सगळ्यांना एकच मापाचा ब्रश द्या, ५० मिमी फ्लॅट. शेवटच्या दोन फेऱ्यांत २५ मिमी. त्याहून बारीक ब्रश दिलात की कोणीतरी डोळा काढतोच.

काठावरचा

‘कोणीतरी डोळा काढतोच’ :D

थांबायचं कधी?

ओला हात

आठ फेऱ्या झाल्या की थांबायचं, आवडो न आवडो. ‘छान होईपर्यंत’ म्हटलं की शेवटचा निर्णय एकटाच घेतो.

सुकती कड

तैलरंगांत हे सगळं जमेल का?

तिसरी छटा

उसनी कड तैलात जास्त सुंदर येते, ओल्यात ओलं मिळवता येतं म्हणून. थरांचं काम मात्र संयमाचं. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट केलंत तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. दोन ग्लेझमध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात. चार जणांच्या कामाला तैल नकोच.

चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर यांनी १९५२ मध्ये पातळ केलेला तैलरंग जेसो नसलेल्या कॅनव्हासवर थेट मुरवला. रंग आणि कापड एकच होतं, पृष्ठभाग आणि आकार वेगळे राहत नाहीत. या विषयाला ते तंत्र फार जवळचं. पण तेल उघड्या कापडाला हळूहळू कुजवतं आणि आकाराभोवती पिवळसर वलय सोडतं. आज करायचं तर पातळ ॲक्रिलिकने करा. कापड आधी फवाऱ्याने ओलसर करून घ्या, नाहीतर रंग वर थेंब होऊन बसतो. आणि मुरलेला रंग परत निघत नाही. पहिला प्रयोग ३० सेंमीच्या तुकड्यावर.

निळसर

शेवटची शंका. कॅनव्हासच्या बाजू रंगवायच्या की पांढऱ्या ठेवायच्या? आणि सही?

काठावरचा

बाजू रंगवायच्या. ४ सेंमी जाडीची चौकट घ्या आणि निदान दोन आकार कडेवरून वळवून बाजूला न्या, तिथे मधेच सोडा. चित्र चौकटीत संपत नाही हे समोरून कळत नाही, पण दाराच्या बाजूने येणाऱ्याला दिसतं. कापड चौकटीवर ताणून स्टेपल मारण्याआधी लक्षात ठेवा की स्टेपल मागच्या बाजूला हवेत. कोपऱ्यात कापडाची घडी येते तिथे ग्लेझ साचून गडद होतो. तो ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्या.

सही मागे. सामूहिक असेल तर नावं मागच्या पट्टीवर पेन्सिलीने, आणि चित्र कुठल्या बाजूने टांगायचं याचा बाण काढू नका. मागे चारही बाजूंच्या मध्यावर टांगायची कडी लावा. चारही बाजूंनी टांगून झाकून बघायची परीक्षा पुन्हा घ्या. एखाद्या बाजूने एकच आकार वर तरंगायला लागला, तर त्याची एक कड अजून उसनी द्यायची राहिलीय.

निळसर

चार कड्या! वजन किती पेलतात बघून घेते. कागदाचे तुकडे कापायला बसले आहे, आधी पुलाची रुंदी.